अर्वाचीन नाण्यांच्या कोऱ्या प्रती

जुन्या पोथ्यांच्या संग्राहकास प्रतींची चिकित्सा कशी करावी हें सांगण्याची गरज नाहीं. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती हातीं आल्या तरी लेखकाच्या हातून निघाली तशीच राहिलेली, पुढच्या वाचकांच्या हरताळापासून व शाईपासून अलिप्त, अशी प्रत एखादीच असते. आणि पाठनिर्णयास तीच अधिक उपयोगीं पडते. नाण्यांच्या बाबतींत मात्र आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत निराळी आहे. शेंदीडशें वर्षांच्या आंतलें नाणें हा संशोधनाचा विषयच नव्हे, आणि जें नाणें टांकसाळींत कोटींनीं पडलें त्याची कोरी प्रत हवी तेव्हां मिळेल, असें आपण गृहीत धरून चालतों. प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच्या उलट आहे. नागपूरकर भोसल्यांचा रुपया बऱ्या स्थितींत असलेला मीं इतवारीच्या सराफ्यांत अनेकदां पाहिला. परंतु १९६५ सालचा अल्युमिनियमचा एक पैसा टांकसाळींतून निघाला त्या तेजासह पाहावयास मिळण्यास मला कित्येक वर्षें लागलीं. असें कां व्हावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

‘कोरें’ हा शब्द येथें कापडाच्या किंवा वहीच्या संबंधानें वापरतों त्याच अर्थानें घ्यावा. जें नाणें टांकसाळीबाहेर पडल्यावर देवघेवींत आलेंच नाहीं तें कोरें. हल्लींचे संग्राहक त्यास यू.एन.सी. या इंग्रजी आद्याक्षरांनीं ओळखतात. अक्षरें स्पष्ट आहेत, राणीच्या वस्त्रावरील वेलबुट्टी मोजतां येते, एवढ्यावरून नाणें कोरें ठरत नाहीं. पाणिनीनें ‘रूप्य’ शब्दाची सिद्धि सांगतांना ज्यावर रूप आहत झालें आहे तें, असा अर्थ दिला आहे. आणि या आघाताची ताजी खूण हीच कोऱ्या नाण्याची खरी परीक्षा होय. दोन ठशांमध्यें चकती दाबली जाते त्या क्षणीं धातु मध्यापासून कडेकडे किंचित् सरकतो व पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म रेषा उमटतात. नाणें दिव्याखालीं हळूहळू फिरविलें असतां चाकाच्या आऱ्यांप्रमाणें प्रकाशाचा पट्टा फिरतांना दिसतो, तो या रेषांचा खेळ आहे. या रेषा इतक्या नाजूक असतात कीं, खिशाच्या कापडाशीं थोडें घर्षण झालें तरी उंच भागावरील रेषा प्रथम चपट्या होतात. एकदां त्या गेल्या म्हणजे कोणत्याही उपायानें परत येत नाहींत. नाणें घांसून जें तेज येतें तें घांसलेल्या तांब्याभांड्याचें तेज होय, टांकसाळीचें नव्हे. शिवाय टांकसाळींतच नाणीं एकमेकांवर पडतात, थैल्यांत भरलीं जातात व थैल्यांतूनच खजिन्याकडे जातात. त्यामुळें एकाही हातीं न गेलेल्या नाण्यावरसुद्धां बारीक ओरखडे असतात. तेव्हां निर्दोष कोरें नाणें हें आरंभापासूनच अल्पसंख्य असतें.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाहीं, हें एका उदाहरणानें दाखवितों. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें सर्व मुलखांत १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू केला. त्यापुढें १८४० हा सन घातलेला रुपया त्याच सनानें १८६० नंतरपर्यंत पाडला जात होता, आणि राणीच्या नांवाचा १८६२ चा रुपयाही १८७४ पर्यंत त्याच सनानें निघत राहिला. म्हणजे नाण्यावर १८६२ असलें तरी तें बारा वर्षांपैकीं कोणत्याही वर्षाचें असूं शकतें. मुंबईच्या टांकसाळीनें मात्र या रुपयांवर बारीक ठिपके घालून खरें वर्ष सुचविलें आहे. पोथीच्या पुष्पिकेंत शक नसावा, पण लेखनाच्या एखाद्या लकबीवरून काळ ठरावा, तसाच हा प्रकार. आतां हे ठिपके टांचणीच्या टोकाएवढे. चाळीस वर्षें बाजारांत फिरलेल्या रुपयावर ठिपका आहे कीं घाण सांचली आहे याचा निर्णय भल्याभल्यांस करतां येत नाहीं. कोरी प्रत समोर असली म्हणजे वाद मिटतो. पण नेमकी तीच मिळत नाहीं.

कां मिळत नाहीं? राणीछाप रुपये लोकांनीं खर्चून टाकले म्हणून, असें उत्तर प्रथमदर्शनीं सुचतें. परंतु तें आमच्या प्रांतापुरतें तरी खरें नाहीं. ते लोकांनीं सांठविलेच आहेत. वऱ्हाड-नागपुराकडील जुन्या घरांत राणीछाप पांच-दहा रुपये नाहींत असें घर शोधावें लागेल. मौज ही कीं, सांठवण्याची आमची रीतच कोरेपणास मारक ठरली. १८३३ सालीं सरकारी तोळा १८० ग्रेनांचा ठरला, आणि रुपयाचें वजनही तेंच. म्हणून रुपया हें नाणें होतें त्याचप्रमाणें सोनाराचें वजनही होतें. खेडोपाडीं सोनार एका पारड्यांत रुपया टाकून दुसऱ्यांत सोनें तोली. तोळाभर चांदी हवी तर रुपयाच आटवावा, दागिना हवा तर रुपयास वर कडी डाखवून माळेंत ओंवावा. बंजारी स्त्रियांच्या अंगावर रुपयांच्या व पावल्यांच्या माळा पाहावयास मिळत, त्यांत आटणींतून वांचलेलीं नाणीं होतीं. पण प्रत्येकावर डाखाचा डाग. गांवोगांवचे सावकार रुपया घेण्यापूर्वीं दगडावर खणकावून पाहत, कित्येक सराफ शंका आली तर बारीक छाप किंवा टांचा मारून पाहत. कौटिल्यानें नाणीं पारखण्यासाठीं रूपदर्शक नांवाचा अधिकारी सांगितला आहे. आमच्याकडे तो अधिकार ज्यानें त्यानें आपल्या हातीं घेतला, इतकेंच.

आणि पुरून ठेवलेल्या धनाचें काय? १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें जीं नाणीं सरकारजमा झालीं त्यांपैकीं पुष्कळ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या अजब बंगल्यांत, आलेलीं आहेत. प्राचीन इतिहासास या निधींचा उपयोग अतोनात झाला. १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळें येथें सांपडलेला सातवाहन नाण्यांचा सांठा व त्यावरील म. म. मिराशी यांचें लेखन आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमची काळी जमीन पावसाळ्यांत पाणी धरते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्या पोटांत गेलेलें मडकें फुटतें, क्षार आंत शिरतात. मातींतून रूप वांचतें, लेख वांचतो; पृष्ठभाग वांचत नाहीं.

राहिलें देवघर. हें सांगतांना संकोच वाटतो, पण संशोधकानें खरें तें सांगावें. लक्ष्मीपूजनास जो राणीछाप रुपया मांडतात, तो पुष्कळ घरांत प्रथमपासून देवासाठींच राखलेला असतो. तो कधीं बाजारांत गेलेला नसतो. शब्दार्थानें तो कोराच. पण दर दिवाळीस त्यास चिंच लावून, रांगोळीनें किंवा राखेनें घांसून, दूध-दह्यानें स्नान घालून, वर हळदकुंकू वाहिलें जातें. असें शंभर वर्षें झालें म्हणजे तो रुपया दहा वर्षें भाजीबाजारांत हिंडलेल्या रुपयापेक्षांही अधिक झिजलेला दिसतो. माझ्या आईच्या देवघरांतील रुपया असाच आहे. राणीचें नाक त्यावर उरलेलें नाहीं. तो मी कोणत्याही संग्रहांत ठेवणार नाहीं व कोणास देणारही नाहीं, ही गोष्ट निराळी.

लोकांच्या हातून जें उरलें त्यावर सरकारचाही हात फिरला. आटणी हें दुर्मिळतेचें दुसरें मोठें कारण होय, आणि तें जुन्या राज्यांच्या नाण्यांस जितकें लागू आहे तितकेंच नव्यांसही आहे. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो असा बोभाटा झाला. तेव्हां पाडलेल्या रुपयांपैकीं थोडेच बाहेर पडले होते ते पडले, उरलेले आटविले गेले व १९१२ पासून चित्र सुधारण्यांत आलें. हें उदाहरण प्रसिद्ध आहे. पण खरी आटणी दुसऱ्या महायुद्धांत झाली. १९४० सालीं रुपयांतील चांदी बारांत अकरा भागांवरून निम्म्यावर आणली गेली, आणि मग जुने चांगल्या चांदीचे रुपये क्रमाक्रमानें चलनांतून काढण्यांत आले: राणीचे १९४१ च्या मार्चअखेर, सातव्या एडवर्डचे १९४२ च्या मेअखेर, पंचम व षष्ठ जॉर्जचे १९४३ च्या मेअखेर. खजिन्यांत ज्या थैल्या अनेक वर्षें न उघडतां पडल्या असतील, म्हणजे जेथें कोरीं नाणीं असण्याचा संभव अधिक, त्याच थैल्या सरकारच्या हातास सर्वांत सोप्या होत्या. १९३९ सनाचा रुपया आज संग्राहकांत इतका मागितला जातो याचें कारण हेंच कीं, तो चांगल्या चांदीचा शेवटचा रुपया. पाडला गेला तेव्हांच त्याच्यामागें आटणी लागली होती.

निम्म्या चांदीच्या रुपयांची गतिही बरी झाली नाहीं. युद्धकाळांत हिंदुस्थानानें अमेरिकेकडून सुमारें २२ कोटि ६० लक्ष औंस चांदी उसनी घेतली होती व ती चांदीच्याच रूपानें परत करावयाची होती. त्यासाठीं १९४० नंतरचीं हीं मिश्र चांदीचीं नाणीं परत बोलावून त्यांतून चांदी वेगळी काढण्यांत आली, आणि १९४६-४७ पासून निकेलचे रुपये आले. तांब्याच्या टंचाईमुळें १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा तर नाणें म्हणून जितका वापरला गेला त्याहून अधिक चकती म्हणून खिळ्याबोल्टांखालीं गेला, किंवा पोरांच्या करदोट्यांत अडकला.

आतां स्वतंत्र भारताच्या लहान नाण्यांकडे वळूं. कारण माझ्या मतें खरें कोडें तेथें आहे. येथें चांदीचा मोह नाहीं, सोनाराचा संबंध नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान पद्धति सुरू झाली. रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नये पैसे झाले, आणि १९६४ च्या जूनपासून ‘नया’ हें विशेषण गळालें. त्या सुमारास ब्राँझ व पितळी धातु सोडून अल्युमिनियम आलें: तीन पैशांचें षट्कोनी, दोन पैशांचें करवती कडेचें, एक पैशाचें चौकोनी. एक पैसा वजनानें पाऊण ग्रॅम. हीं नाणीं अगणित पडलीं. परंतु हा धातु इतका मऊ कीं दोन नाणीं एका मुठींत घेतलीं तरी एकमेकांस डाग पाडतात. त्याहून मोठें कारण असें कीं, या नाण्यांस कोणी मानच दिला नाहीं. रुपया पुरला जातो, पुजला जातो. एक पैसा कोण पुरणार? तो कन्हानच्या पुलावरून गाडी जातांना नदींत टाकावयाचा, भिकाऱ्याच्या थाळींत टाकावयाचा, पोरांनीं रुळावर ठेवून चपटा करावयाचा. टपालाच्या तिकिटांचे संग्राहक गांवोगांव होते, पण चालू वर्षाचा पैसा विकत घेऊन कागदांत बांधून ठेवणारा मनुष्य त्या काळीं आमच्या शहरांत मला भेटला नाहीं. पुढें सुट्ट्या पैशांची इतकी चणचण झाली कीं दुकानदार मोडीऐवजीं गोळ्या देऊं लागले, आणि १९८५ सालीं सरकारनें परदेशच्या टांकसाळींतून रुपये पाडवून आणले. जें नाणें थैलीतून निघतांच बाजार गिळून टाकतो त्याची कोरी प्रत मागें कशी राहावी? अखेर ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणीं चलनांतून काढण्यांत आलीं. सव्वा रुपयाच्या दक्षिणेकरितां गेंड्याच्या चित्राच्या पावल्या घरोघर उरल्या आहेत खऱ्या, पण त्यांवरही कुंकू आहेच.

याच्या उलट प्रकार पाहावा. पंडित नेहरूंच्या निधनानंतर १९६४ सालीं त्यांच्या मुद्रेचा रुपया व अर्धा रुपया निघाला. १९६९ सालीं गांधीजींच्या जन्मशताब्दीचीं नाणीं निघालीं. हीं नाणीं ताज्या स्थितींत सहज मिळतात, कारण लोकांनीं तीं पहिल्या दिवशींच स्मरण म्हणून बाजूस ठेविलीं. १९६९ पासून मुंबईची टांकसाळ संग्राहकांकरितां मुद्दाम संचही विकूं लागली. अमेरिकेंतील एक उदाहरण याहून बोलकें आहे. तेथें डेन्व्हरच्या टांकसाळींत १९५० सालीं जेफरसनच्या चित्राचीं पांच सेंटांचीं नाणीं अवघीं २६ लक्ष पडलीं. तीं थोडीं आहेत ही वार्ता फुटतांच लोकांनीं तीं गुंडाळ्याच्या गुंडाळ्या घरीं नेलीं. परिणाम असा कीं, आज तें नाणें कोरें मिळणें सोपें आणि वापरलेलें मिळणें कठीण. आमच्या एका पैशाचें नेमकें उलट. तेव्हां किती पाडलीं हा आंकडा टांकसाळीच्या अहवालांतून उतरून घेऊन दुर्मिळता ठरविणें हें चूक होय. पहिल्या दिवशीं तें नाणें कोणीं, कशासाठीं बाजूस ठेवलें, हा प्रश्न विचारावयास पाहिजे. आंकडा छापील मिळतो. या प्रश्नाचें उत्तर घरोघर जाऊन मिळवावें लागतें.

माझ्या घरचें उत्तर मला ठाऊक आहे, व तें माझ्या विरुद्ध जाणारें आहे. माझे वडील नागपुरांत एका कचेरींत कारकून होते. दशमान नाणीं निघालीं त्या आठवड्यांत त्यांनीं एक नया पैसाचीं पंचवीस नाणीं नवीं आणलीं आणि एका जाड कागदाची घडी करून तींत बांधून, वर तारीख घालून, पेटींत ठेविलीं. कां ठेविलीं हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. मी आठ-नऊ वर्षांचा असतां ती पुडी मला सांपडली. ताज्या ब्राँझचा रंग फार सुंदर, तांबूस-केशरी असतो. मीं तीं सर्व ओंजळींत घेऊन शेजारच्या मुलांस दाखविलीं, ओट्यावर मांडलीं, मोजलीं आणि पुन्हां होतीं तशीं बांधून ठेविलीं. एकही हरवलें नाहीं, म्हणून मी समाधानीं होतों. पुढें नोकरीस लागल्यावर नाण्यांचा नाद लागला व ती पुडी उघडली, तेव्हां चोवीस नाण्यांवर तपकिरी डाग उमटलेले होते. भिंगाखालीं पाहतां ते डाग लहान मुलाच्या अंगठ्याचे व बोटांचे ठसे आहेत हें स्पष्ट दिसलें. घामांतील मीठ ब्राँझवर असें काम करतें, आणि तें पुसून जात नाहीं. पंचविसावें नाणें कागदाच्या आंतल्या घडींत अडकून राहिलें होतें. तें मुलांच्या हातांतून सुटलें. तें आजही पहिल्या रंगाचें आहे.

ते डाग काढण्याचा मोह मलाही झाला. एका नाण्यावर मीं लिंबू लावून पाहिलें. डाग गेला नाहीं. रंग मात्र गुलाबी, निर्जीव झाला व त्या नाण्याची आतां कोणतीच किंमत उरली नाहीं. आमच्या मंडळाकडे देणगीदाखल येणारीं नाणीं बहुधा अशींच ‘स्वच्छ करून’ येतात. देणाऱ्याचा हेतु चांगला असतो. पण पोथी पाण्यानें धुऊन कोणी संशोधकाकडे आणीत नाहीं. नाणें मात्र आणतात. वाचकांनीं आपल्या परिचयांतील घरांत एवढें तरी सांगावें कीं, नाणें जसें असेल तसें द्यावें, कडेस धरावें, त्यास तेल, चिंच, राख, दांतांची पूड यांपैकीं कांहीं लावूं नये. तसेंच मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांपेक्षां साधा कोरडा, आम्ल नसलेला कागद बरा. त्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कांहीं वर्षांनीं हिरवा चिकट द्रव नाण्यावर उतरतो.

आणखी एक. अशा पुड्या ज्या कागदांत बांधलेल्या असतात तो कागद टाकून दिला जातो. वस्तुतः नाणें कोठल्या खजिन्यांतून, कोणत्या दिवशीं, कोणाच्या हातीं आलें हें सांगणारा तेवढाच पुरावा असतो. नाण्यावरील सन तें सांगत नाहीं, हें १८६२ च्या रुपयावरून वर दिसलेंच आहे. ज्यांच्या घरीं १९५७ ते १९८१ या काळांतील लहान नाण्यांच्या न सोडलेल्या पुड्या किंवा बँकेच्या गुंडाळ्या असतील त्यांनीं त्या उघडण्यापूर्वीं मंडळास कळवावें, आणि वेष्टनावर कांहीं लिहिलें असल्यास त्याची अक्षरशः नक्कल पाठवावी. माझ्या वडिलांच्या कागदावर तारखेखालीं ‘नवे’ एवढा एकच शब्द आहे. तो कागद व पंचविसावें नाणें मीं मंडळाच्या संग्रहांत एकत्र ठेवावयास दिलीं आहेत. उरलेलीं चोवीसही बरोबर आहेत, व त्यांची नोंद ठशांसह करावी अशी मीं विनंति केली आहे.